सतरावी विहीर छापायची कशी

सुनेनं सतरावं प्रकरण टाईप केलं त्या दिवशी तिनं मला संध्याकाळचा चहा दिला आणि समोर बसली नाही. एरवी बसायची. माझं अक्षर लागलं नाही तर वही पुढं करून विचारायची, मी सांगायचो, दोघं हसायचो. त्या दिवशी कपबशी कट्ट्यावर ठेवली आणि आत गेली. मी समजलो.

आधी सांगतो मी कोण. मी तिसरी शिकलेला माणूस. तिसरी पण पुरी नाही. मास्तरांनी छडी उगारली, मी ती हिसकावून मोडली, आणि बापानं दुसऱ्या दिवशी मला विहिरीच्या कामावर नेलं. लिहायला खरं शिकलो ते मुकादम झाल्यावर, कारण माझ्या माणसांची हजेरी दुसऱ्यानं लिहिलेली मला चालायची नाही. आमचं गाव वडूजच्या अंगाला, कोरडवाहू. तिथनं तासगावपर्यंत मी विहिरी पाडल्या. आता त्यातल्या निम्म्या बुजवल्या, काहींवर घरं उठली. गुडघे गेल्यावर घरी बसलो आणि मनात आलं, आपण मेल्यावर या विहिरी होत्या हे सांगणार कोण? म्हणून लांब वही घेतली आणि लिहायला लागलो. कुठं मुरूम लागला, कुठं काळा कातळ, झरा कुठल्या अंगानं आला, मालक कसा होता, कुणाच्या घरची भाकरी चांगली होती. एक विहीर, एक प्रकरण. सोळा विहिरी मजेत लिहिल्या. सतरावी लिहायला दोन महिने लागले.

ती विहीर औंधच्या खालच्या बाजूची. तिचं सांगायचं तर आधी बार मोजायची रीत सांगायला पाहिजे. कातळ लागला की त्यात भोकं पाडायची, सुरुंग ठासायचा आणि वाती लावायच्या. वाती मुद्दाम कमीजास्त लांबीच्या, म्हणजे बार एकामागं एक उडतात. वात पेटवून सगळे वर येऊन लांब पळायचे, आणि मुकादमानं बार मोजायचे. पाच भोकं असतील तर पाच आवाज. पाच झाले की मुकादम म्हणणार, "उतरा." चार झाले तर एक खाली जिवंत आहे, मग त्या दिवशी विहीर बंद. कुणी काठालासुद्धा जायचं नाही. मालक कितीही तणतणला तरी नाही.

मोजायचं काम माझं. माझा आकडा कधी चुकत नाही असं चार तालुक्यांत बोललं जायचं आणि मला ते गोड लागायचं. त्या दिवशी मालक शेजारी उभा होता आणि मी त्याला माझीच थोरवी सांगत होतो. चार बार झाले. पाचवा जो मी मोजला तो समोरच्या डोंगरावर आपटून परत आलेला आवाज होता. मी म्हणालो, "पाच. उतरा." माझा जोडीदार पहिला उतरला. सुटलेले दगड पाडायला त्यानं पहार घातली ती नेमकी जिवंत भोकात. जीव वाचला. दोन्ही डोळे गेले.

यारीच्या, म्हणजे दगडमाती वर ओढायच्या यंत्राच्या, दोरानं त्याला वर काढला तेव्हा मालकानं मला विचारलं, "कसा काय उतरला ह्यो?" आणि माझ्या तोंडातनं निघालं, "मी थांब म्हणत व्हतो. ऐकलं न्हाई." एकदा निघालं. मग पोलीस पाटलाला तेच सांगितलं, साताऱ्याच्या दवाखान्यात तेच सांगितलं. तिसऱ्या वेळेला मलाच ते खरं वाटायला लागलं. पुढं चाळीस वर्षं गावोगाव तेच चाललं, की फलाण्यानं घाई केली आणि डोळे घालवून बसला. नवीन पोरांना दम द्यायला लोक त्याचा दाखला द्यायचे. मीसुद्धा दिला आहे.

हे सगळं मी सतराव्या प्रकरणात नावानिशी लिहिलं. इथं नावं घेत नाही, तिथं घेतली. लिहिताना भीती वाटली नाही. वही माझी, ट्रंक माझी, किल्ली माझ्या करगोट्याला. भीती आली ती टाईप झाल्यावर.

तीन दिवसांनी सून बोलली. भांडी घासत होती, पाठ माझ्याकडं.

"मामा, ते खरं हाय?"

"लिवलंय म्हंजी खरंच."

"सांगलीच्या काकास्नी म्हाईत हाय?"

जोडीदार सांगलीला लेकीकडं असतो, म्हणून आमच्या घरात त्याला सांगलीचे काका म्हणतात. मी म्हणालो, "न्हाई."

"मग आदी त्यास्नी सांगा. मग छापा."

"पुस्तक माजं हाय."

"पुस्तक तुमचं," ती म्हणाली, "डोळं त्यांचं."

मी उठून बाहेर गेलो. माझ्या घरात मला असं कुणी बोललेलं नव्हतं. राग आला, आणि रागाच्या खाली जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं. वर्षातनं दोनदा मी त्याच्याकडं जातो. शाळू ज्वारीचं पोतं नेतो, दहा मिनिटं बसतो, एसटीची वेळ झाली म्हणून उठतो. एसटीची वेळ कधीच झालेली नसते. त्याच्यासमोर बसलं की मला वाटतं, त्याला दिसत नाही म्हणून तो जास्त बघतो.

तरी सांगलीला गेलोच, पण त्याच्याकडं नाही. एका प्रकाशकाकडं गेलो. सुनेच्या कॉलेजातल्या बाईंनी पत्ता दिला होता. गल्लीतल्या एका दुकानाच्या वर जिना चढून खोली, भिंतीला चिकटून पुस्तकांचे गठ्ठे. माणूस सज्जन. कागद आधीच पाठवलेले होते, त्यानं सगळे वाचले होते, आणि त्यातल्या काही ओळी त्याच्या तोंडात होत्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"आजोबा, लिखाण अस्सल आहे," तो म्हणाला.

"आजोबा नगा म्हणू. मुकादम म्हणा."

तो हसला. मग एकेक काढायला लागला. भाषा जरा सारखी करावी लागेल. नाव बदलावं लागेल, कव्हरवर विहिरीच्या काठाला घागर घेतलेली बाई टाकू. माझ्या एकाही विहिरीवर असली बाई नव्हती. मग त्यानं सतरावं प्रकरण वर काढलं आणि चष्मा पुसला.

"हे जरा अडचणीचं आहे. वाचकाला तोपर्यंत मुकादम आवडायला लागलेला असतो. आणि इथं खरी नावं आहेत, माणूस हयात आहे. उद्या कोणी नोटीस पाठवली तर?"

"मग?"

"मग आपण याला कादंबरी म्हणू. नावं बदलू, गावं बदलू. सगळं राहील, आणि कुणावर काही येणार नाही."

कुणावर काही येणार नाही. हे शब्द ऐकले आणि माझ्या खांद्यावरनं कुणीतरी पोतं उतरवल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत असं हलकं वाटलं नव्हतं. खाली आलो. जोडीदाराचं घर तिथनं रिक्षाच्या अंतरावर. मी स्टँडवर जाऊन विट्याची गाडी धरली.

घरी येऊन सुनेला सांगितलं. ती कणीक मळत होती.

"कादंबरी म्हंजी खोटं का?"

"खोटं न्हाई गं. रचल्यालं."

"मग त्या सोळा विहिरीबी रचलेल्याच ठरणार की."

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. नवव्या विहिरीला अठ्ठावीस हातांवर आम्ही पाणी काढलं, सगळ्यांनी नाही म्हटलेल्या जागी, आणि उद्या कुणीतरी शहाणा वाचून म्हणणार, छान रचलंय. दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगलीला फोन लावायला सांगितला आणि नको म्हणून टाकलं. यात माझा चांगुलपणा काही नव्हता. माझ्या विहिरींना कुणी खोटं म्हणेल हे मला सोसलं नाही, एवढंच.

मग सुनेनं दुसरी वाट दाखवली. आता म्हणे फोनवरनंच पुस्तक काढतात. आपणच मजकूर घालायचा, आपणच कव्हर निवडायचं. ज्याला पाहिजे त्यानं मागवलं की तेवढीच प्रत छापून त्याच्या घरी जाते. ना प्रकाशक, ना गठ्ठे. तिनं करूनसुद्धा दाखवलं. काचेवर माझं नाव आलं, खाली विहिरीचा फोटो, आपल्याच गावच्या. बघून डोळ्यांत पाणी आलं, पण मी विचारलं ते दुसरंच.

"ह्ये नंतर पुसता येतं का?"

"येतं की. एखादं प्रकरण काढायचं तर काढता येतं. सगळं पुस्तकच काढून टाकता येतं."

मला आणखी काय पाहिजे होतं. पुस्तकही निघणार, आणि कुणी दारात आलं तर पुसायची सोय पण. मी म्हणालो, घाल. मग म्हणालो, सतरावं काढ. रात्रभर कूस बदलली आणि सकाळी म्हणालो, परत घाल. दुपारी गावातला एक माजी सैनिक ओट्यावर येऊन बसला, सहज म्हणाला, तुमच्या वेळी एकानं डोळे घालवले होते बघा घाई करून. तो गेल्यावर मी सुनेला सांगितलं, काढ. चार दिवसांत ते प्रकरण मी तीनदा काढायला लावलं आणि तीनदा घालायला.

शेवटी तिनं फोन माझ्यापुढं ठेवला. "मामा, तुमी दोर सोडताय आन परत वर वढताय. एकदा उतरा न्हाईतर घरी बसा. मला पोरांचं डबं करायचं असत्यात."

मी मुकादमकी केलेला माणूस. दोर सोडून परत ओढणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या दिवशी मला कळलं की पुसायची सोय आहे तोवर मी पुसतच राहणार. जे पुसता येत नाही असंच कुठंतरी छापायला पाहिजे. हे कळल्यावर धीर यायला पाहिजे होता. उलट भीती वाढली.

कराडला एक प्रेस आहे. लग्नपत्रिका, निवडणुकीचे कागद, पतपेढीचे अहवाल, असलं सगळं तिथं छापतात. मालक साठीचा, बनियनवर बसलेला, बोटं शाईनं काळी. कागद चाळून म्हणाला, "छापतो. तुमी लिव्हलंय तसंच छापतो. काना मात्रा तेवढी बघतो."

"भाषा बदलणार न्हाई?"

"मला कशाला दुसरा धंदा न्हाई का?" मग त्यानं एक जुनं पुस्तक उघडून पहिल्या पानामागची बाजू दाखवली. "हितं नाव-पत्ता घालावा लागतो. लेखक कोण, प्रकाशक कोण, छापलं कुठं. लेखक तुमी, प्रकाशक तुमी, पत्ता तुमच्या घराचा. छापणारा मी. म्हंजी शाबासकी आली तर तुमची आन शिव्या आल्या तरी तुमच्याच. माजा हिशेब सोपा हाय."

घराचा पत्ता. ज्याला यायचं तो सरळ दारातच येणार. मी विचारलं, "छापल्यावर काय बदलायचं म्हटलं तर?"

"मग गठ्ठं विहिरीत टाका. विहिरी तुमच्याच हायती." त्याला स्वतःच्याच बोलण्याचं हसू आलं. मग माझ्याकडं बघून थांबला. "ह्यात कुणाचं काय वंगाळ हाय का?"

"माजंच हाय."

"दुसऱ्याचं नाव?"

"हाय एकाचं."

"जिवंत?"

"व्हय."

"मग मुद्रितं देतो, ती घेऊन आदी त्याच्याकडं जावा. वाचून दावा, आन मग माज्याकडं येऊन सही करा. मागं एकानं भावकीवर पुस्तक छापून घेतलं. भाऊ आला, दोघं हितं दारात भांडली. गठ्ठं अजून माज्या माडीवर हायती, उंदरं वाचत्यात."

सून म्हणाली तेच हाही म्हणाला. आठ दिवसांनी मुद्रितं मिळाली, म्हणजे छापायच्या आधी तपासायला दिलेली पानं. ती पिशवीत घालून मी सांगलीची गाडी धरली. तासगाव सुटल्यावर भीतीनं मधल्याच थांब्यावर उतरावंसं वाटलं. चालू सुरुंगावरनं पळालो तेव्हा असं झालं नव्हतं. तिथं पळायला जागा होती.

जोडीदार बाजेवर बसला होता. पायाचा आवाज ओळखला. "या मुकादम. आवंदा लवकर आला? शाळू निघायचाय की अजून."

"शाळू न्हाई आणला. पुस्तक आणलंय."

"कुणाचं?"

"माजं. विहिरींचं."

तो जोरात हसला. "आरं तुला 'ढ' काढता येत नव्हता गड्या."

लेक घरात नव्हती. ती हळदीच्या वखारीत कामाला जाते, जावई मार्केट यार्डात. मी म्हणालो, "एक प्रकरण वाचून दावायचंय." तो म्हणाला, "मग वाच की. मला काय पेपर वाचायचाय व्हय?"

मी वाचलं. औंधचा रस्ता, मालक, कातळ. तो मधनंमधनं बोलत होता, अरे व्हय, तो मालक लय चिकट, चहात पाणीच जास्त. मग बारांचं आलं. घोटभर पाणी प्यालो आणि वाचलं, चार बार झाले होते आणि मी पाच म्हणालो. पुढचं वाचलं, मी थांब म्हणालो नव्हतो, तो माझ्या शब्दावर उतरला. वाचून झालं. मी पानं खाली ठेवली नाहीत, तोंडापुढंच धरून बसलो, त्याला दिसत नाही हे माहीत असून.

तो बाजेच्या दोरीवर बोटं फिरवत राहिला.

"मी बी मोजलं व्हतं," तो म्हणाला.

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

"चार. मी चारच मोजलं व्हतं. सगळ्यांनी चारच मोजलं असतील. पन तू पाच म्हणालास."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुला कोन बोलणार?" आवाज चढवला नाही त्यानं. "त्याच्या आदल्या साली, विट्याच्या कामावर, त्या उंच पोरानं म्हटलं न्हाई का, मुकादम तीनच झालं. बरोबर व्हतं त्याचं. बंद ठेवलीस विहीर, आन दुसऱ्या दिवशी त्याला कामावर घेतला न्हाईस. समद्यांनी बघितलं. माज्या घरी तवा दोन लेकरं आन बायको आजारी. मी म्हटलं, मुकादम म्हणतोय तर आसंल पाच. उतरलो."

तो उंच पोरगा मला आठवत होता. मी त्याला का घेतला नाही याला मी तेव्हा कारण दिलं होतं, की तोंड फार चालवतो.

"आन नंतर?" मी विचारलं. "मी खोटं सांगितलं ते?"

"ऐकलं की. दवाखान्यात खाटेवर पडूनच ऐकलं. पयलं वरीसभर तुला रोज शिव्या दिल्या. मग मनात आलं, ह्येचा आकडा चुकतो म्हटल्यावर ह्येच्या हाताखाली कोन उतरंल? तेरा-चौदा घरं तुज्यावर जेवत व्हती. माजं डोळं काय परत येणार व्हतं?" थोडं थांबला. "आन खरं सांगू? तू दर साली शाळू घिऊन यायचास आन दहा मिनटांत पळायचास. मी बायकोला म्हणायचो, आला बघ, आज तरी सांगंल."

मी चूक कबूल करायला गेलो होतो. चूक माणसाच्या हातनं होते, ती कबूल करून पुन्हा ताठ उभं राहता येतं. पण लोक खरं सांगायला मला भीत होते आणि त्या भीतीपायी एक माणूस जिवंत सुरुंगावर उतरला, हे मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. मला ते माहीतच नव्हतं. माझा धाक मी चांगला समजत होतो.

"छाप," तो म्हणाला. "पन मी चार मोजलं व्हतं त्ये घाल. न्हाईतर लोक म्हणत्याल ह्येला मोजताबी येत नव्हतं. आन लेकीला मी कधी सांगितलं न्हाई. ती बापाच्या घाईची गोष्ट ऐकतच मोठी झालीया. तिला छापल्यालंच दे."

घरी येऊन आठ दिवस ट्रंक उघडली नाही. सुनेनं काही विचारलं नाही. मला बघूनच तिला कळलं असणार. नवव्या दिवशी मी बसलो आणि एक पान लिहिलं. त्यात त्याचे चार बार घातले, तो उंच पोरगा घातला, आणि शेवटी एकच वाक्य, की माझ्या हाताखालच्या माणसांना मी विचारायची सोय ठेवली नव्हती. हे वाक्य लिहायला सगळी सकाळ गेली. खोडलं, परत लिहिलं. सुनेनं टाईप केलं आणि या वेळी समोर बसली. म्हणाली, "मामा, ह्ये घालायचंच?" तिच्या आवाजात पहिल्यांदा मला माझी काळजी दिसली आणि मी आणखी घाबरलो.

कराडला गेलो. प्रेसवाल्यानं नवीन पान वाचलं, बनियनला हात पुसले आणि सहीला पेन दिलं. काही थट्टा केली नाही. त्याची थट्टा ऐकायला मी थांबलो होतो. मग सही केली. कागदावर लिहिलं होतं, मजकूर तपासला, छापण्यास हरकत नाही. माझी सही हजेरीच्या वहीत करायचो तशीच, पूर्ण नावाची, मोठी.

गठ्ठे टेम्पोनं आले. सुनेनं आतल्या खोलीत रचले. गावात कुणाला दिलं नाही. पहिली प्रत कुणाची हे ठरलेलं होतं, आणि ती दिल्याशिवाय दुसरी फोडायचा मला हक्क नव्हता. चार दिवस मी काही ना काही कारण काढलं. गुडघा दुखतो. ढग आलेत. पाचव्या दिवशी जोडीदाराचा फोन आला. "छापलं म्हणं. कराडहून आल्याला माणूस जावयाला यार्डात बोलला. आयतवारी ये, लेक घरी असती."

रविवारी गेलो. तिला सुट्टी होती पण हात पिवळेच, ते आता धुऊन जात नाहीत. तिनं पाणी दिलं, म्हणाली, "काका, पुस्तक छापलं म्हणं तुमी. बाबा चार दिवस झालं झोपेनात." मी पिशवीतनं पुस्तक काढलं. तिनं पदराला हात पुसून दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं. मी बघू शकलो नाही.

"सतरावं काढ," बाप म्हणाला, "आन मोठ्यानं वाच."

मी म्हणालो, "दे, मी वाचतो." हात पुढं केला.

"तू बस," तो म्हणाला. "तू वाचलंस एकदा. आता ती वाचंल."

मी तो विचार केला नव्हता. सही करताना नाही, गठ्ठे उतरवताना नाही. मुद्रितं मी स्वतः वाचली होती, माझ्या आवाजात, जिथं आवाज बसतो तिथं बसवून. छापल्यावर ते कुणाच्याही तोंडातनं निघू शकतं.

ती सातवी शिकलेली, वाचन स्पष्ट. एकेक शब्दावर बोट ठेवून वाचत होती. औंधचा रस्ता आला, कातळ आला, मालकाचा चहा आला. बाप हसला नाही. बारांपाशी आली. चार बार झाले होते आणि मी पाच म्हणालो. तिचं बोट थांबलं. तिनं बापाकडं बघितलं, माझ्याकडं नाही. मग तेच वाक्य पुन्हा वाचलं, सावकाश. पुढं गेली. मी थांब म्हणालो नव्हतो. उंच पोरगा आला. तिच्या बापाचे चार बार आले. ते वाचताना ती थोडी मोठ्यानं वाचत होती, शेजारी ऐकू जाईल असं. शेवटचं वाक्य वाचलं आणि पुस्तक मांडीवर ठेवलं.

मी चप्पल घालायला उठलो. मला वाटलं तीच मला उठ म्हणेल, त्याआधी आपण उठावं.

"काका, बसा," ती म्हणाली. "आमच्या घरचं यार्डातनं येतील आता दोनला. त्यास्नी बी वाचून दावायचंय. तुमच्यासमोर."

मी बसलो. दोन वाजायला अजून अर्धा तास होता.